फेरफार, सातबारा आणि डेटाची जोडणी

नागपूरकडे शेतीचा किंवा प्लॉटचा कोणताही कागद हातात घ्या. पहिल्या एक-दोन ओळींतच ‘मौजा अमुक, प.ह.नं. अमुक, खसरा क्रमांक अमुक’ असं वाचायला मिळतं. प.ह.नं. म्हणजे पटवारी हलका नंबर. आपल्याकडे तलाठ्याला अजूनही पटवारीच म्हणतात. अमरावती-अकोल्याकडे गेलं की खसऱ्याच्या जागी सर्व्हे नंबर येतो, आणि पुण्या-साताऱ्याकडे बहुतेक गावांत गट नंबर. जमिनीचा तुकडा ओळखायचा, एवढंच या तिन्ही आकड्यांचं काम. नावं वेगळी पडली, कारण नागपूर मध्य प्रांतात होतं, वऱ्हाड निजामाच्या मुलखातून इंग्रजांकडे आलं आणि पुणे मुंबई इलाख्यात होतं. प्रत्येक मुलखाचा महसूल खात्याचा संसार वेगळा, आणि १९५६ साली हे सगळे संसार एका राज्यात आले.

ज्यांचा रोजचा धंदा डेटाची जोडणी करण्याचा आहे, त्यांना हा प्रश्न लगेच ओळखीचा वाटेल. माझाही धंदा तोच. एका संस्थेच्या प्रणालीतली माहिती दुसऱ्या संस्थेच्या प्रणालीला समजेल अशी करून द्यायची, दोन्हीकडची माणसं, खाती, रकमा जुळवायच्या आणि जुळत नाही ते शोधून काढायचं. इंग्रजीत याला डेटा इंटिग्रेशन म्हणतात. बाहेरून हे काम कंटाळवाणं दिसतं. पण पेन्शन, पीकविमा, शिष्यवृत्ती, कर्जमाफी, दवाखान्याचं बिल यांतली कोणतीही रक्कम योग्य माणसाच्या खात्यात पोचते तेव्हा मागे कुठेतरी अशी जोडणी नीट झालेली असते. पोचत नाही तेव्हा बहुतेकदा तीच कुठेतरी तुटलेली असते.

या कामात ‘डिझाइन पॅटर्न’ हा शब्द वारंवार येतो. त्याला मी नमुना म्हणेन. ही कल्पना संगणकवाल्यांची नाही, एका वास्तुरचनाकाराची आहे. ख्रिस्तोफर अलेक्झांडर यांनी सहकाऱ्यांसह १९७७ मध्ये एक जाडजूड ग्रंथ काढला. त्यात घर, गल्ली, गाव बांधताना पुन्हा पुन्हा समोर येणारे २५३ प्रश्न आणि त्यांची लोकांनी शोधलेली उत्तरं मांडली होती. खिडकीजवळ बसायची जागा का लागते, ओसरी किती खोल असावी, अशा गोष्टी. अलेक्झांडर यांचं म्हणणं असं, की चांगले नमुने कोणी टेबलाशी बसून रचत नाही, वापरणाऱ्यांच्या वहिवाटीत ते आधीच असतात आणि आपण फक्त ओळखायचे. पुढे १९९४ मध्ये एरिक गामा आणि तिघांनी सॉफ्टवेअरमधले असे २३ नमुने पुस्तकात आणले. २००३ मध्ये ग्रेगर होप आणि बॉबी वुल्फ यांनी प्रणाल्या एकमेकींना जोडण्याचे ६५ नमुने वेगळे काढले. आमच्या व्यवसायात हे पुस्तक आजही उघडलं जातं.

आपल्या महसूल खात्यातही नमुना हाच शब्द आहे. गाव नमुना एक ते एकवीस. तिथे त्याचा अर्थ ठरलेल्या रकान्यांचा तक्ता एवढाच, हे मला माहीत आहे. तरीही अलेक्झांडर यांचा मुद्दा पटवून द्यायला मला पटवाऱ्याच्या दप्तरापेक्षा चांगली जागा सापडत नाही.

सातबारा हा शब्दच पाहा. नमुना सात अधिकार अभिलेखाचा, म्हणजे जमीन कोणाची, किती, कोणत्या बोज्यासह. नमुना बारा पिकांचा, म्हणजे त्या जमिनीत यंदा काय पेरलं. दोन वेगळ्या नोंदी, दोन वेगळ्या कारणांसाठी ठेवलेल्या, वेगवेगळ्या वेळी बदलणाऱ्या. त्या एकाच भूमापन क्रमांकाच्या आधारे एका कागदावर आणल्या आणि लोकांनी त्याला सातबारा म्हटलं. दोन तक्ते समान किल्लीने जोडणं, हीच आमच्या धंद्याची पहिली क्रिया.

त्याहून मोलाचा आहे नमुना सहा, फेरफार नोंदवही. जमीन विकली, वारस लागले, वाटणी झाली, बँकेचा बोजा चढला, तर सातबाऱ्यावर थेट खाडाखोड करायची नाही. आधी फेरफार नोंद धरायची, तिला क्रमांक द्यायचा, संबंधितांना नोटीस काढायची, हरकतीला पंधरा दिवस द्यायचे. मंडळ अधिकाऱ्याने नोंद प्रमाणित केली की मगच सातबाऱ्यावर अंमल द्यायचा. अंमल देतानाही जुनं नाव पुसायचं नाही. त्याला कंस करायचा, नवं नाव लिहायचं आणि शेजारी फेरफार क्रमांक टाकायचा. त्यामुळे सातबारा आजची स्थिती सांगतो आणि फेरफार ती स्थिती कशी आली ते सांगतो. फेरफार वही शाबूत असेल तर फाटलेला सातबारा पुन्हा उभा करता येतो. उलटं करता येत नाही.

आज जगातल्या मोठ्या प्रणाल्या नेमकं हेच करतात. घटनांची न पुसली जाणारी नोंदवही ठेवायची आणि चालू स्थिती तिच्यातून काढायची, हा एक नमुना. जुनी ओळ न खोडता तिला अखेरची तारीख देऊन बंद करायची आणि नवी ओळ उघडायची, हा दुसरा. तो राल्फ किम्बॉल यांच्या १९९६ च्या डेटा वेअरहाउसवरच्या पुस्तकामुळे सर्वत्र पोचला. नव्या मुलांना मी हा दुसरा नमुना शिकवताना इंग्रजी नाव नंतर सांगतो. आधी विचारतो, ‘घरचा जुना सातबारा पाहिलाय का? आजोबांच्या नावाला कंस कसा केलाय?’ ज्याचं घर शेतीचं आहे, त्याला पुढचं सांगावं लागत नाही.

आता अशा कामाकडे येऊ जिथे या नमुन्यांची खरी परीक्षा झाली. २४ जून २०१७ रोजी राज्य सरकारने छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना जाहीर केली. दीड लाखापर्यंतचं थकीत कर्ज माफ, रक्कम ३४,०२२ कोटी, लाभार्थी ८९ लाख, असं तेव्हा सांगितलं गेलं. शेतकऱ्यांनी ऑनलाइन अर्ज भरायचे, बँकांनी आपापल्या खात्यांची माहिती द्यायची आणि दोन्ही यंत्राने जुळवायचं. सप्टेंबरात अर्जांची मुदत संपली. दिवाळीच्या तोंडावर पहिल्या शेतकऱ्यांना प्रमाणपत्रं दिली गेली आणि त्याच वेळी याद्यांमधल्या विसंगतींच्या बातम्या सुरू झाल्या. एकच आधार क्रमांक अनेक नावांपुढे आल्याचं वर्तमानपत्रांनी छापलं. त्यावर राजकारण पुष्कळ झालं. मला इथे रचनेबद्दल बोलायचं आहे, कारण त्या रचनेतली अडचण कोणत्याही पक्षाच्या सरकारला आडवी आलीच असती.

पहिली अडचण एककाची. बँकेच्या वहीत एकक असतं कर्जखातं. सातबाऱ्याचं एकक जमिनीचा तुकडा. आधारचं एकक माणूस. आणि २०१७ च्या योजनेचं एकक होतं कुटुंब, म्हणजे पती, पत्नी आणि अठरा वर्षांखालची मुलं. कुटुंब ओळखणारा क्रमांक या तिन्हींपैकी कोणत्याच दप्तरात नव्हता. नवऱ्याचं कर्ज जिल्हा बँकेच्या सोसायटीत, बायकोचं राष्ट्रीयीकृत बँकेत. दोघं एक घर आहेत हे फक्त अर्जदारानेच सांगायचं आणि बँकांच्या दोन स्वतंत्र याद्यांशी ते यंत्राने ताडायचं. जोडणीचा कोणताही आराखडा काढताना पहिला प्रश्न विचारायचा असतो, की एक ओळ म्हणजे काय? याचं उत्तर दोन बाजूंनी वेगळं असेल, तर नंतर कितीही चांगला प्रोग्राम लिहिला तरी बेरीज चुकते.

दुसरी अडचण भाषांतराची. राज्यात ३१ जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँका, शिवाय राष्ट्रीयीकृत, खासगी आणि ग्रामीण बँका. जिल्हा बँकेच्या खाली गावोगावच्या सेवा सहकारी सोसायट्या, जिथे गटसचिव स्वतःच्या वहीत सभासदाचं कर्ज लिहितो. प्रत्येकाची मांडणी वेगळी. इथे दोन वाटा असतात. प्रत्येक प्रणालीला दुसऱ्या प्रत्येक प्रणालीशी थेट जोडायचं, किंवा मध्ये एक समान मसुदा ठरवून सगळ्यांनी त्यात माहिती द्यायची. दहा प्रणाल्या असतील तर पहिल्या वाटेने नव्वद भाषांतरं लिहावी लागतात, जाण्याची आणि येण्याची धरून. समान मसुदा असेल तर वीस पुरतात. म्हणून बँकांना एकच तक्ता दिला गेला. ‘एक ते सहासष्ट रकाने’ हा शब्दप्रयोग त्या वर्षी विदर्भातल्या बँक कर्मचाऱ्यांच्या तोंडी बसला होता.

समान मसुद्याचा नमुना योग्यच होता. पण समान मसुदा कसा काम करतो हे समजायला नागपूरचं इतवारी स्टेशन आठवावं. छिंदवाडा आणि नागभीडकडून येणारी नॅरोगेज, रुळांमधलं अंतर ७६२ मिलिमीटर. पुढे देशभर जाणारी ब्रॉडगेज, १,६७६ मिलिमीटर. डबा एका रुळावरून दुसऱ्यावर चढत नाही. माल उतरवून दुसऱ्या डब्यात भरावा लागे, आणि उतरवताना पोतं फुटतं, मोजणी चुकते, पावती एका डब्यात आणि माल दुसऱ्यात असं होतं. छिंदवाड्याची छोटी गाडी २०१५ मध्ये थांबली, नागभीडची २०१९ मध्ये, रूळ रुंद करण्यासाठी. डेटाच्या जगात सगळ्यांचे रूळ रुंद करण्याची चैन क्वचित मिळते. सोसायटीची वही सोसायटीचीच राहते. मग भर द्यायचा तो माल उतरवण्याच्या फलाटावर. तिथे मोजणारा कोण, फुटलेलं पोतं कुठे ठेवायचं, पावतीवर कोणाची सही. सहासष्ट रकाने हाताने भरणाऱ्या गटसचिवासाठी तो फलाट फार अरुंद होता आणि वेळ फार थोडा.

काही चुका तर फलाटावरच अडवता येतात. आधारच्या बारा अंकांतला शेवटचा अंक हा आधीच्या अकरांवरून काढलेला तपासणीचा अंक असतो. याकोबस व्हर्होफ या डच गणितज्ञाने १९६९ मध्ये शोधलेल्या पद्धतीने तो निघतो. एक अंक चुकला किंवा शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले, तर ही पद्धत चूक पकडते. आधार शून्य किंवा एकाने सुरू होत नाही, हीदेखील एक सोपी चाळणी. रकाना रिकामा सोडता येत नाही म्हणून कोणी बारा वेळा एकच अंक ठोकला, किंवा एकाचा क्रमांक खालच्या वीस ओळींत ओढून भरला, तर पहिली चूक एका ओळीच्या तपासणीत सापडते. दुसरी सापडायला सगळ्या ओळी एकत्र पाहाव्या लागतात. हा फरक नवशिक्याला शिकवण्यासारखा आहे. प्रत्येक ओळ स्वतंत्रपणे बरोबर असू शकते आणि यादी तरीही चुकीची.

नावांची गोष्ट मात्र अंकांइतकी सरळ नाही, आणि मराठीत ती विशेष अवघड आहे. ज्ञानेश्वर हे नाव इंग्रजीत लिहिताना कोणी ‘डी-एन-वाय’ने सुरू करतो, कोणी ‘डी-वाय’ने, कोणी ‘जी-वाय’ने. वानखेडे ‘डब्ल्यू’ने की ‘व्ही’ने, आणि ‘ख’नंतर ‘ई’ की ‘ए’, हे शाळेत दाखला लिहिणाऱ्या गुरुजींवर ठरलेलं असतं. बँकेत आडनाव आधी, आधारवर शेवटी. बाईचं खातं माहेरच्या नावाने, आधार सासरच्या. गावांचंही तसंच. बोरगाव आणि पिंपळगाव किती आहेत ते मोजत बसावं लागेल. त्यात बुद्रुक आणि खुर्द, आणि तेही कुठे ‘बु.’, कुठे ‘बु॥’ असं लिहिलेलं.

देवनागरीत साठवलं म्हणजे सुटलो असं नाही. युनिकोडच्या आधीच्या मराठी फॉन्टमध्ये मजकूर कळफलकावर टंकला त्या क्रमाने साठत असे. त्यात पहिली वेलांटी अक्षराच्या आधी यायची. युनिकोडमध्ये ती अक्षराच्या नंतर साठते. रूपांतर करणाऱ्याने हे लक्षात ठेवलं नाही तर ‘किसन’चं भलतंच काही होतं. आणि आपला ‘वऱ्हाड’ हा शब्दच संगणकात दोन प्रकारे साठवता येतो. एकात ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर असतं, दुसऱ्यात साधा ‘र’, हलन्त आणि एक न दिसणारं जोडचिन्ह. डोळ्यांना दोन्ही एकच दिसतात, यंत्राला दोन वेगळे शब्द वाटतात. म्हणून नावं ताडण्याआधी सगळ्यांना एका रूपात आणायचं, मग उच्चाराच्या जवळिकीने ताडायचं, आणि तरीही फक्त नावावर पैशाचा निर्णय घ्यायचा नाही. तो नमुना मी कोणत्याही प्रकल्पात मोडू देत नाही.

ताडल्यावर काही जुळतं, काही जुळत नाही, काही अर्धवट जुळतं. २०१७ मध्ये ‘ग्रीन लिस्ट’ हा शब्द गावच्या पारापर्यंत पोचला. जुळलेले हिरव्या यादीत, न जुळलेले पुढच्या तपासणीसाठी तालुका पातळीवरच्या समितीकडे. जोडणीच्या शास्त्रात या बाजूला काढलेल्या ओळींना फार महत्त्व आहे. चुकीची ओळ टाकून द्यायची नाही, आणि तिच्यामुळे बाकीचं कामही थांबवायचं नाही. ती वेगळ्या जागी ठेवायची, का अडली ते तिच्याशेजारी लिहायचं, आणि ती दुरुस्त होऊन परत येण्याची वाट ठेवायची. ही तिसरी गोष्ट बहुतेक ठिकाणी राहून जाते. यादीत नाव नाही एवढंच कळणं आणि ‘तुमच्या खात्याचा आधार क्रमांक एका अंकाने चुकला आहे, अमुक शाखेत दुरुस्त करा’ असं कळणं, यात त्या माणसाच्या तालुक्याला घातलेल्या चार खेपांचा फरक असतो. पेरणीच्या दिवसांत एक खेप म्हणजे एक रोज बुडणं.

नागपुरातच पुढचा अध्याय सुरू झाला. १९५३ च्या नागपूर करारानुसार विधिमंडळाचं एक अधिवेशन इथे भरतं. २१ डिसेंबर २०१९ रोजी हिवाळी अधिवेशनात मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी महात्मा जोतीराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजना जाहीर केली, दोन लाखांपर्यंत. रक्कम बाजूला ठेवा, रचना पाहा. शेतकऱ्याने अर्ज भरायचाच नाही. माहितीचा मूळ स्रोत एकच, बँकेचं आधारशी जोडलेलं कर्जखातं. एकक कुटुंब नव्हे, एकटा शेतकरी. बँकेच्या याद्या पोर्टलवर आल्या की प्रत्येकाला एक विशिष्ट क्रमांक मिळायचा आणि यादी गावात लागायची. शेतकऱ्याने आधार घेऊन आपले सरकार सेवा केंद्रात जायचं, अंगठा द्यायचा, पडद्यावरची रक्कम मान्य की अमान्य ते सांगायचं. मान्य असेल तर पैसे खात्यात, नसेल तर प्रकरण जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडे.

इथे आमच्या पुस्तकातले चार-पाच नमुने एकामागोमाग दिसतात. दोन याद्या ताडण्याऐवजी एका यादीला मूळ मानलं, त्यामुळे ताडणीचा सर्वांत अवघड भाग गळून गेला. पडताळणी माणूस आणि त्याचं खातं समोरासमोर आणून केली. ज्ञानेश्वरचं स्पेलिंग काहीही असो, अंगठा त्याचाच. विशिष्ट क्रमांकामुळे प्रकरण पोर्टल, सेवा केंद्र आणि बँक यांच्यात फिरताना हरवत नाही, आणि तीच ओळ दोनदा आली तरी दोनदा पैसे जात नाहीत. कचेरीतली आवक नोंदवही याच कामाची. पत्राला आवक क्रमांक पडला की ते दुसऱ्यांदा आलं तरी नवं प्रकरण होत नाही. शिवाय सुरुवात एकदम राज्यभर केली नाही. २४ फेब्रुवारी २०२० रोजी पहिली यादी लागली ती ६८ गावांची, ठिकठिकाणी दोन-दोन गावं. चूक निघालीच तर ६८ गावांत निघेल, हा विचार मला फार शहाणपणाचा वाटतो.

त्या योजनेतही लोक राहिले. ज्यांच्या खात्याला आधार जोडलेलाच नव्हता ते यादीत येऊच शकत नव्हते. एक स्रोत मूळ मानण्याची ही किंमत आहे: त्या स्रोतात जो नाही, तो तुमच्या प्रणालीला दिसतच नाही. नमुना निवडताना ही किंमत कोण भरणार ते विचारायलाच हवं.

जोडणीचं काम त्यानंतरही चालूच आहे. जून २०२२ मध्ये केंद्राने ६३,००० प्राथमिक कृषी पतसंस्था एका समान सॉफ्टवेअरवर आणायला २,५१६ कोटींची मंजुरी दिली, म्हणजे गटसचिवाच्या वहीचे रूळ रुंद करायला घेतले. नागपुरात मुख्यालय असलेली विदर्भ कोकण ग्रामीण बँक २०१३ मध्ये दोन ग्रामीण बँका एकत्र करून झाली होती. मे २०२५ मध्ये ती महाराष्ट्र ग्रामीण बँकेत मिळाली. अशा प्रत्येक विलीनीकरणात लाखो खात्यांचे जुने क्रमांक आणि नवे क्रमांक यांची जोडयादी कोणीतरी बनवतं. २०२५ पासून राज्यातल्या कृषी योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक सक्तीचा झाला आहे. तो आधार आणि सातबारा यांना एका किल्लीने बांधतो, जी किल्ली २०१७ मध्ये नव्हती.

सोसायटीत मार्चअखेर गटसचिव ताळा घेतो. सभासदनिहाय बाकीची बेरीज एकीकडे, बँकेने सोसायटीला दाखवलेली बाकी दुसरीकडे. आम्हीही प्रत्येक रात्रीच्या फाइलीनंतर तेच करतो. किती ओळी निघाल्या, किती पोचल्या, किती बाजूला ठेवल्या, आणि रकमेची बेरीज दोन्हीकडे किती. पोचलेल्या आणि बाजूला ठेवलेल्या मिळून निघालेल्यांइतक्या भरल्याच पाहिजेत. लाखात एक ओळ कमी भरली तरी त्या रात्री फाइल बंद करायची नाही, असा नियम मी माझ्या गटाला घालून दिला आहे. एक ओळ कमी म्हणजे कुठल्यातरी मौजाचा, कुठल्यातरी खसरा क्रमांकाचा एक माणूस दोन प्रणाल्यांच्या मधल्या फलाटावर उभा आहे, आणि सकाळी बँकेची खिडकी उघडायच्या आत तो आम्हाला शोधायचा असतो.